आधी पान उलटून बघा

सकाळी साडेसहाला मी आमच्या द्राक्षबागेत शिरते तेव्हा साडीवर यांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट असतो. पहिल्या ओळीतून पानांना बाह्या घासत शेवटपर्यंत चालत जायचं आणि बाहेर आलं की बाह्या बघायच्या. कोरड्या असल्या तर घरी चहाला. ओल्या असल्या तर नऊ वाजता पुन्हा फेरी. दव पडलं एवढं कळून भागत नाही, ते किती वाजेपर्यंत पानावर टिकलं ते कळायला पाहिजे. बागेचा बहुतेक रोग या ओलीच्या तासांत ठरतो.

आमचं वावर देऊळगाव राजा तालुक्यात, बुलढाण्याच्या घाटावरच्या भागात. अडीच एकर बाग आहे, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली थॉमसन आणि थोडी माणिक चमन जातीची द्राक्षं. बाकी सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. माझं माहेर जालना जिल्ह्यातलं, कडवंचीच्या शेजारचं. तिथं शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या त्या मी डोळ्यांनी पाहिल्या. त्यामुळे सासरी बाग लावायचं ठरलं तेव्हा घरात थोडंफार कळणारी मी एकटीच होते.

आता आसपासच्या गावांत नव्या बागा लागल्यात आणि मला फोनवर पानांचे फोटो येतात. ‘ताई, हे काय आहे? काय मारू?’ दहातले आठ फोटो पानाच्या वरच्या बाजूचे. मी प्रत्येकाला एकच उत्तर पाठवते: पान उलटं करा आणि पुन्हा फोटो काढा. हा लेख त्याच उत्तराचा लांब भाग समजा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. नाशिककडची फवारणीची पत्रकं मोबाईलवर फिरत असतात, छाटणीनंतर बाराव्या दिवशी हे, पंधराव्या दिवशी ते. पत्रक चुकीचं नसतं, पण ते तिकडच्या छाटणीचं आणि तिकडच्या पावसाचं असतं. आपल्याकडे परतीचा पाऊस कधी निघून जातो, धुवारी कधी धरते, फेब्रुवारीत ऊन कधी चढतं, हे सगळं वेगळं. पत्रक जवळ ठेवा, पण बाग बघून फवारा मारा.

केवडा

नाशिककडे याला डावणी म्हणतात. बाग घालवणारा रोग कोणता विचारलं तर मी डोळे मिटून याचं नाव घेईन.

पहिल्या वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतली. फूट छान निघाली, पाच-सहा पानं झाली, घड दिसायला लागले. मग दोन दिवस भुरभुर पाऊस आला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी पानांवर फिकट पिवळे, तेलाचा थेंब पडल्यासारखे गोल ठिपके दिसले. आम्ही पान घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं पान हातात घेतलं, वरून बघितलं आणि पोटॅश कमी पडलं म्हणून सांगितलं. विद्राव्य खताच्या दोन पिशव्या आम्ही आणल्या आणि ठिबकमधून सोडल्या. सहाव्या दिवशी घडांचे देठ विळ्यासारखे वाकले आणि कळ्या तपकिरी पडल्या. माझे वडील, आबा, माहेराहून एसटीनं आले. बांधावर पिशवी ठेवली, एक पान खुडलं, उलटं केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ठिपक्याच्या बरोबर मागं पांढरी, कापसासारखी बुरशी होती. ‘बाई, एवढं तरी करायचं होतं,’ एवढंच म्हणाले. त्या वर्षी अर्ध्याहून जास्त घड गेले.

हा रोग खालून का दिसतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. केवड्याचा बीजाणू ओल्या पानावर पडला की त्यातून बारीक पोहणारे बीजाणू बाहेर येतात. ते पाण्याच्या थरातून पोहत पानाच्या छिद्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची ही छिद्रं खालच्या बाजूला असतात. आत शिरायलाही तीच वाट आणि नवे बीजाणू घेऊन बाहेर पडायलाही तीच. म्हणून वरून नुसता डाग दिसतो आणि खाली त्याचं घर असतं. आणि म्हणूनच पानाच्या वरून मारलेला फवारा केवड्याला लागत नाही. गन किंवा नोझल खालून वर पाहिजे.

संत्रावाल्या भावांसाठी सांगते, तुमच्या झाडाच्या बुंध्याला डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा आणि हा केवडा एकाच कुळातले. बटाट्यावरचा उशिराचा करपाही त्यातलाच. तिघांनाही साचलेलं पाणी आणि टिकणारी ओल लागते. वरूड-मोर्शीकडचा शेतकरी डिंक्याला जसा ओळखतो तसा केवड्याला ओळखायला शिकला तर त्याला कठीण जाणार नाही.

युरोपात केवड्यासाठी एक जुना ठोकताळा आहे: नवी फूट १० सेंटीमीटर लांब झाली, पाऊस १० मिलिमीटर पडला आणि तापमान १० अंशांच्या वर असलं की पहिली लागण धरून चालायचं. आपल्याकडे ऑक्टोबरात तापमानाची अट कायमच पूर्ण असते. राहिली फूट आणि पाऊस. त्यामुळे छाटणीनंतर फूट बोटभर झाली की मी आकाशाकडे बघायला लागते आणि मणी धरेपर्यंत, म्हणजे छाटणीपासून साधारण पन्नास दिवस, थांबत नाही. तीन-चार पानांपासून फुलोरा संपेपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. मणी धरून वाढायला लागला की घडाची भीती बरीच कमी होते, पानाची मात्र राहते.

डाग दिसला आणि खात्री नाही, खाली पांढरं काही दिसत नाही, अशा वेळी करायची एक चाचणी आबांनी शिकवली. संध्याकाळी ताज्या, कडेला अजून पिवळसर असलेल्या डागाची चार-पाच पानं खुडा. वाळून तपकिरी झालेला डाग घेऊ नका, त्यातून काही निघत नाही. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या, आतून पाण्याचा हात फिरवा, जास्तीचं पाणी झटकून टाका. पानं खालची बाजू वर करून आत ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि तोंड दोऱ्यानं बांधा. रात्रभर घरात अंधारात ठेवायची. मी धान्याच्या कोठीमागं ठेवते. केवड्याला बीजाणू धरायला अंधार आणि दमटपणा दोन्ही लागतात, ते पिशवीत आयते मिळतात. सकाळी खिडकीशी नेऊन पान तिरपं धरा. डागाच्या जागी पांढरा मऊ थर उभा राहिलेला दिसला की तो केवडा. लहान भिंग जवळ असलं तर झाडासारख्या फांद्या फुटलेलं बारीक रानच दिसतं. काहीच आलं नाही तर दुसऱ्या दिवशी नवी पानं घेऊन पुन्हा करा. दुसऱ्या दिवशीही पान कोरं राहिलं तर मग खताच्या कमतरतेचा किंवा औषधानं पान भाजल्याचा विचार करा. औषधाचं भाजणं ओळखायला सोपं असतं: ते एकदम सगळीकडे दिसतं, फवारा जिथं साचला त्या पानाच्या कडांना, आणि रोज वाढत नाही.

केवडा आल्यावर काय मारायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत असं की, आल्यावर मारायची वेळ आली तर निम्मी लढाई हरलेली असते. पावसाचा अंदाज आहे, फूट कोवळी आहे, तर पाऊस यायच्या आधी पानावर ताम्रयुक्त किंवा मॅन्कोझेबसारखं वरून संरक्षण करणारं औषध असलं पाहिजे. आत शिरणारी औषधं, मेटॅलॅक्झिल किंवा डायमेथोमॉर्फ असलेली, लागण झाल्यावर किंवा पाऊस अंगावर आल्यावर. ती सुद्धा एकाच गटातली लागोपाठ मारायची नाहीत. मेटॅलॅक्झिलला न जुमानणारा केवडा जगात जागोजागी तयार झालाय, कारण लोकांनी तेच तेच मारलं. आमच्या वहीत प्रत्येक फवारणीपुढं औषधाचं दुकानातलं नाव लिहीत नाही, आतला घटक लिहिते. तीन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकच घटक असतो, हे आम्हाला वही लिहायला लागल्यावर कळलं. प्रमाण डब्यावरच्या लेबलप्रमाणे. द्राक्षासाठी शिफारस आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हेही तिथंच लिहिलेलं असतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचे हवामानानुसारचे सल्ले मराठीतही असतात. ते वाचायची सवय लावा.

फवाऱ्याइतकंच काम हातांचं असतं. फेलफुटी, म्हणजे बिनकामाच्या जादा फुटी, वेळेवर काढा, एका काडीवर गरजेपुरतीच फूट ठेवा, वाऱ्याला ओळीतून आरपार जाता आलं पाहिजे. पाऊस थांबला की पहिलं काम पानावरचं पाणी पाडणं. ब्लोअर असेल तर औषधाविना नुसता वारा मारत फिरवा. आमच्याकडे ब्लोअर यायच्या आधी मी आणि जाऊ दोघी तारा हलवत ओळीओळीनं जायचो. दोन तासांची ओल अर्ध्या तासावर आली तरी फरक पडतो. रोगट पान आणि घड खुडून खाली टाकू नका. कमरेला पोतं बांधा, त्यात टाका, बागेबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा.

बोर्डो घरी करायचं ते असं

१८७८ च्या सुमारास अमेरिकेतून गेलेला केवडा फ्रान्सच्या बागांत पोचला आणि त्यानं धुमाकूळ घातला. बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पाहिलं की त्याच रस्त्याकडच्या वेली हिरव्या राहिल्यात आणि आतल्या वाळल्यात. त्यानं प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे बोर्डो मिश्रण लोकांसमोर मांडलं. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, केवड्यावर हे अजून लागू पडतं. तयार पुडीही मिळते, पण ताज्या बोर्डोसारखं ते पानाला चिकटत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक टक्क्याचं करायचं तर मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. कोवळ्या फुटीवर मी अर्धा टक्काच मारते, म्हणजे दोन्ही अर्धा-अर्धा किलो, पाणी तेवढंच. फुलोऱ्यात अजिबात नाही. मणी धरल्यावरही नाही, कारण मण्यावर निळे डाग राहतात आणि व्यापारी भाव पाडतो.

लोखंडी बादली, लोखंडी टाकी वापरायची नाही, मोरचूद लोखंड खातो. प्लास्टिकचे तीन ड्रम घ्या. आदल्या संध्याकाळी मोरचुदाची पुरचुंडी जुन्या सुती फडक्यात बांधा आणि ५० लिटर पाण्याच्या ड्रमवर काठी आडवी ठेवून त्या काठीला टांगा, पुरचुंडी पाण्यात जेमतेम बुडेल अशी. तळाशी टाकला तर मोरचूद सकाळपर्यंत तसाच दगड राहतो. वर टांगला की विरघळलेलं जड निळं पाणी आपोआप खाली बसत जातं आणि सकाळी पुरचुंडीत काही उरत नाही.

चुना कळीचाच घ्या, हातात धरल्यावर दगडासारखा कडक. दुकानात उघडा पडून पीठ झालेला चुना मेलेला असतो, तो घेऊन काही उपयोग नाही. घमेल्यात चुना ठेवून त्यावर थोडं थोडं पाणी शिंपडा. तो फुटतो, तापतो, वाफ येते. तोंड लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. निवाला की पाणी घालून दूध करा, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळा आणि दुसऱ्या ड्रममध्ये ५० लिटर करा. गाळण्यात कंटाळा केला तर पुढं दर पाच मिनिटांनी नोझल उघडत बसावं लागतं.

आता दोघींनी दोन बादल्यांनी एकाच वेळी, सारख्या धारेनं दोन्ही पाणी तिसऱ्या ड्रममध्ये ओतायचं आणि तिसऱ्यानं लाकडी काठीनं हलवत राहायचं. आमच्याकडे मी मोरचुदाची धार धरते, जाऊ चुन्याची. आकाशी निळा, मऊ, लगेच तळाला न बसणारा रंग आला म्हणजे जमलं.

शेवटी विळ्याची परीक्षा. स्वच्छ घासलेल्या विळ्याचं पातं मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस मुलामा चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, हे मारलं तर पान भाजेल. थोडी चुन्याची निवळी घाला, हलवा, पातं पुन्हा घासून बुडवा. पातं पांढरंच राहीपर्यंत हे करायचं. मेडिकलमध्ये लिटमस कागद मिळाला तर निळा कागद लाल होता कामा नये. मिश्रण त्याच दिवशी संपवा, आणि त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळू नका.

पावसाळ्यात बाग एकटी पडते

हे मला आपल्या विदर्भातल्या भावाबहिणींना मुद्दाम सांगायचंय. जून-जुलैत आपलं सगळं घर सोयाबीन आणि पऱ्हाटीत असतं. निंदण, डवरणी, खत, बोंडअळीची धास्ती. बागेला त्या वेळी फळ नसतं, म्हणून मजूर आधी तिकडे आणि उरला तर बागेत. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर निघालेली नवी काडी याच महिन्यांत पिकते आणि ऑक्टोबरात येणाऱ्या घडाची तयारी त्या काडीच्या डोळ्यांत याच काळात होते. पावसाळ्यात पान गेलं तर काडीत साठा होत नाही, आणि मग ऑक्टोबरात घड जिरतात, घडाची बाळी (नुसता तणावा) होते, आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही.

पावसाळ्यातला पहिला शत्रू करपा. कोवळ्या शेंड्यांवर, कोवळ्या पानांवर बारीक तपकिरी-काळे ठिपके, मधला भाग राखाडी होऊन गळून पडतो आणि पानाला भोकं पडतात, चाळणीसारखी. काडीवर खोलगट डाग पडतात, कडा काळ्या आणि मधे फिकट. पावसाचा थेंब डागावर आपटतो आणि शिंतोडे शेजारच्या फुटीवर उडतात, असा तो पसरतो. म्हणून डाग पडलेली काडी कात्रीनं काढलीच पाहिजे. ती ठेवून नुसतं औषध मारणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. एक टक्का बोर्डो इथं उत्तम, पावसाची उघडीप बघून.

त्याच दिवसांत जिवाणूचाही करपा येतो. त्याचे डाग पानाच्या शिरांनी अडवल्यासारखे कोनाकोनाचे असतात, पाण्यात भिजल्यासारखे दिसतात आणि भोवती पिवळी कड असते. पान उजेडाकडे धरून बघितलं की फरक कळतो. त्याला बुरशीचं औषध चालत नाही, ताम्रयुक्त चालतं. ओल्या बागेत काम करायचं नाही, कारण हाताला, कात्रीला लागून तो ओळीभर फिरतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात तांबेरा. पुन्हा पान उलटाच: खाली बारीक पिवळ्या-नारिंगी पुळ्या, बोट फिरवलं की हळद लागल्यासारखं बोट रंगतं. आधी जुन्या, खालच्या पानांवर येतो. दुर्लक्ष केलं तर पोळ्याच्या आसपास सुरू होऊन घटस्थापनेपर्यंत बाग उघडी पडते. मी आठवड्यातून एक सकाळ, बहुधा सोमवारी, बागेसाठी राखून ठेवते, सोयाबीनचं काही का होईना. अडीच एकरांत तिरकी चालत वीस वेली बघते, प्रत्येकीची पाच पानं, शेंड्याची, मधली आणि बुडाची मिळून. तासाभराचं काम आहे.

भुरी

आतापर्यंत ओलीचं बोलले. भुरीचं गणित उलटं आहे. तिला पानावर पाणी नको, उलट जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो. तिला हवेत दमटपणा, सावली आणि ढगाळ दिवस पाहिजेत. आपल्याकडे तूर फुलोऱ्यात असते, आभाळ येतं, पाऊस मात्र पडत नाही, आणि सगळे म्हणतात आता शेंगअळी वाढणार. त्याच आभाळात भुरी बागेत शिरते. तुरीवर फवाऱ्याची चर्चा सुरू झाली की बागेत जाऊन आतली, ओलांड्याजवळची (खोडातून तारेवर गेलेल्या जाड फांदीजवळची), ऊन न लागणारी पानं बघा. राख उडाल्यासारखा करडा-पांढरा थर, पानाच्या वरही येतो आणि खालीही. केवड्याची बुरशी डागापुरती आणि खालून, ही पसरट आणि बोटानं पुसली जाणारी.

मण्यावरची भुरी पकडायला मी सकाळचं तिरपं ऊन वापरते. घड हातात धरून उन्हाकडे फिरवायचा. निरोगी मणी चमकतो, भुरीचा मणी मातकट दिसतो. मणी ज्वारीच्या दाण्याएवढा असतो तेव्हापासून वाटाण्याएवढा होईपर्यंतचे दिवस जपायचे. त्या वेळी लागली तर मण्याची साल जागच्या जागी मरते, आतला गर वाढत राहतो आणि मणी फाटतो. देठाला लागलेली भुरी तर पुढं मण्यात पाणी उतरल्यावरही, म्हणजे मणी मऊ पडायला लागल्यावरही, त्रास देते.

भुरीवर गंधकाला पर्याय नाही असं माझं मत. ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, लागण दिसायच्या आधीपासून. गंधक वाफेनं काम करतं, म्हणून फार थंडीत ते सुस्त पडतं आणि फार उन्हात पान-मणी भाजतं. पारा ३२-३५ च्या वर जाणार असेल तर मारू नका. आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी तो आकडा सहज गाठला जातो, म्हणून सकाळी लवकर. तेल असलेली फवारणी केली असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या. अँपेलोमायसिस नावाची भुरीलाच खाणारी बुरशी मिळते, काढणी जवळ आली की मी ती वापरते. पण ती गंधकासोबत चालत नाही, आणि ढगाळ, दमट संध्याकाळीच मारायची असते.

आणि घडाभोवतीची दोन-तीन पानं काढून उजेड आत येऊ द्या. सगळी काढू नका, आपलं ऊन नाशिकचं नाही, मणी भाजतात. सकाळचं ऊन लागणाऱ्या बाजूची काढा, दुपारच्या बाजूची ठेवा.

फवारा मारणाऱ्या माणसासाठी

२०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत औषध अंगावर येत होतं. द्राक्षाच्या मांडवात तर छप्परच पानांचं असतं आणि केवड्यासाठी फवारा खालून वर मारायचा, म्हणजे प्रत्येक थेंब आपल्याच तोंडावर परत येतो. मी आमच्या माणसाला टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट असल्याशिवाय गन हातात देत नाही. उकडतं म्हणून तो काढतो, मी पुन्हा घालायला लावते. दुपारी अकरा ते चार फवारणी बंद. चार औषधं एका टाकीत कालवायची नाहीत. काम झालं की साबणानं आंघोळ, मग जेवण. ते कपडे घरातल्या कपड्यांत धुवायचे नाहीत. गरगरलं, मळमळलं, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट सरकारी दवाखान्यात.

एप्रिलमध्ये खोडाकडे बघा

काढणी झाली की आपण बागेला विसरतो. खरड छाटणीच्या दिवशी जाड ओलांडा कापला तर कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. लाकूड सगळीकडे सारख्या रंगाचं असलं पाहिजे. एका बाजूनं तपकिरी, पाचर मारल्यासारखा भाग दिसला तर आत बुरशी शिरलीय आणि ती हळूहळू खोडाकडे सरकते. पहिली दोन-तीन वर्षं काही कळत नाही, मग एक हात फुटतच नाही, आणि नंतर अख्खी वेल वाळते. स्वच्छ लाकूड लागेपर्यंत मागं मागं कापत या. त्या वेलीनंतर कात्री आणि करवत निर्जंतुक करूनच पुढच्या वेलीला लावा. कापलेलं लाकूड सरपण म्हणून बांधावर रचून ठेवायचं नाही. आमच्याकडे सासूबाईंनी चुलीसाठी मोळी बांधली होती, त्यांना समजावून ती त्याच आठवड्यात जाळली.

काळ्या, चोपण जमिनीत बाग असेल तर वेल मरायचं कारण वर शोधू नका. पावसाळ्यात पाणी साचून मुळं गुदमरतात आणि मग मुळकूज येते. दोन ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढा, नवी लावणी गादीवाफ्यावर करा, आणि शक्य असेल तर मुरमाड वावर निवडा. कापसाला चांगली असलेली जमीन द्राक्षाला चांगली असतेच असं नाही.

कापलेल्या मोठ्या तोंडांना आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी फक्त १० लिटर, कृती वर सांगितली तीच. ब्रशनं जमिनीपासून ओलांड्यापर्यंत. मेच्या उन्हात खोड तडकण्यापासूनही तिचा थोडा आधार होतो. पेस्ट दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, त्यामुळे आमच्याकडे उरलेली विहिरीजवळच्या मोसंबीच्या आणि दोन संत्र्यांच्या बुंध्यांना लागते, कमरेपर्यंत.